शेपटाचा कान

शिलाईबाईच्या घरी जेवायला बसलेल्या माणसाच्या समोर भिंतभर मेलेली माणसं असत. नवख्याच्या घशाखाली घास उतरत नसे. तिला स्वतःला मात्र त्यांची इतकी सवय झाली होती, की रस्सा अळणी झाला तर ती सासूच्या चित्राकडे बघून म्हणायची, "कळलं, कळलं, घालते मीठ."

चित्रं तिच्या नवऱ्यानं काढलेली. तिकडे होता तेव्हा तो चांगला नावाजलेला चित्रकार होता. इकडे आल्यापासून लोकांच्या घरांना, दवाखान्यांना आणि कचेऱ्यांना रंग देतो, म्हणून सगळे त्याला रंगारी म्हणतात, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नाही. 'तिकडे' म्हणजे त्यांचा देश. देशाचं नाव त्या घरात कुणी घेत नसे. पथ्यावर असलेल्या माणसासमोर जसं गोडाचं नाव काढत नाहीत, तसं ते सगळे नुसतं 'तिकडे' म्हणून वेळ मारून नेत.

गोळीबार गल्लीच्या तोंडाशी आला त्या सकाळी दोघं हाताला लागेल ते घेऊन निघाली. शिलाईबाईच्या हाताला लागली कापड कापायची मोठी कात्री. फोटोंचा अल्बम टेबलावर राहिला. फोन वाटेतल्या एका चौकीवर काढून घेतले. 'कात्री आणली आणि माणसं विसरले,' असं म्हणून ती अजूनही स्वतःला बोल लावते. पण त्याच कात्रीवर इकडे तिचं पोट चाललं, शिलाईचं दुकान उभं राहिलं, आणि त्या कात्रीला ती कुणाला हात लावू देत नाही. त्या कात्रीनं कापड सोडून दुसरं काही कापायचं नाही, कागदसुद्धा नाही, धार जाते. एकदा रंगाऱ्यानं कात्रीनं दुधाची पिशवी कापली, तर त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात फक्त भांडी बोलत होती.

फोटो नाहीत, म्हणून रंगारी आठवणीतून काढायचा. रंग कामावरचे उरलेसुरले. डब्याच्या तळाशी राहिलेला करडा, मळकट पांढरा, ओल्या मातीचा, राखेचा. जगातल्या तमाम कचेऱ्यांना हेच रंग का आवडतात कोण जाणे. एकदा एक गॅलरीवाली घरी येऊन गेली. चित्रांसमोर ती हाताची घडी घालून बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "किती आवरून धरलेलं दुःख आहे हे! हा करडा तुम्हाला सापडला तरी कुठे?"

"दातांच्या दवाखान्याच्या जिन्यात," शिलाईबाई म्हणाली.

गॅलरीवाली हसली. खरं सांगायचं तर दोघींचंही बरोबर होतं. कारण माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यात चांगल्या रंगांच्या नळ्या होत्या. लाल, पिवळा, निळा, सगळे. शिलाईबाईनं आपल्या पहिल्या कमाईतून आणलेल्या. रंगाऱ्यानं त्या कधी उघडल्या नाहीत. "तिकडच्या माणसांना रंग लावायला हात धजत नाही गं," एवढंच तो एकदा म्हणाला होता. तिला वाईट वाटलं, पण राग आला नाही. माणूस रडत नाही म्हणजे त्याला रडायला येत नाही असं थोडंच आहे?

आणि त्या घरात एक नियम होता. तो कुणी केला नव्हता, आपोआपच पडला होता. रंगारी जिवंत माणसाचं चित्र काढत नसे. तिकडून कुणी गेल्याची पक्की बातमी आली की तो मागच्या खोलीत ईझल उभं करायचा, त्याआधी कधीच नाही. शाळेचे मास्तर, कोपऱ्यावरचा न्हावी, पोस्टमन, त्याची स्वतःची आई, मग तिची आई, अशी एकेक मंडळी भिंतीवर येत गेली. त्यामुळे तिकडचं कुणीही घरी आलं की चपला काढायच्या आधी मान वळवून भिंतीकडे बघायचं, नवीन कोण ते पाहायला.

"तुमची भिंत म्हणजे आमचं वर्तमानपत्र," बेकरीवाला म्हणायचा. तोही तिकडचाच. त्याचा चुलतभाऊ तिकडे सरहद्दीजवळच्या गावात होता आणि अधूनमधून त्याचा फोन लागायचा, म्हणून बऱ्यावाईट बातम्या आधी पावाच्या भट्टीशी यायच्या. "फक्त मला एवढ्यात छापू नका हो, अजून लोकांचे पाव द्यायचेत."

भिंतीवर सगळे होते. शेपूट नव्हता.

शेपूट म्हणजे शिलाईबाईचा धाकटा भाऊ. लहानपणी ती जाईल तिथं हा मागे. शाळेत, दुकानात, मैत्रिणींच्या गप्पांत, कुठेही. म्हणून सगळ्या गल्लीनं त्याचं नाव शेपूट ठेवलं. त्याला घरी परतवायला ती त्याचा डावा कान धरून दारापर्यंत ओढत न्यायची. कान लालबुंद व्हायचा, शेपूट ठणाणा करायचा, आणि ती कोपऱ्यापर्यंत पोचते न पोचते तोच पुन्हा मागे हजर. तिनं तो कान इतक्या वेळा ओढला, की त्याची वरची कड बाहेरच्या बाजूला दुमडली ती दुमडलीच. मोठेपणी तो हसून सांगायचा, "माझ्या बहिणीनं मला शिक्का मारलाय, हरवलो तर परत आणून द्यायला."

सगळे निघाले तेव्हा हा एकटा मागे राहिला. आईला चालवत नव्हतं, तिला सोडून कसा येऊ म्हणाला. जन्मभर मागे मागे येणारा माणूस नेमका तेव्हा आला नाही. मग आईची बातमी आली. त्याची मात्र काहीच आली नाही. गल्ली ओस पडली, फोन मुके झाले, आणि शिलाईबाईचा जीव टांगणीला लागला तो लागलाच. तिनं मनाशी एक धरून ठेवलं होतं : भिंतीवर नाही, म्हणजे आहे. रोज सकाळी उठल्यावर ती आधी भिंतीकडे बघायची. नाही ना? नाही. मग चहा टाकायची.

त्या दिवशी रंगारी लवकर कामावर गेला होता. शिलाईबाईला एका कोटाला अस्तर लावायचं होतं आणि अस्तराचा तुकडा कुठे सापडेना. तो मागच्या खोलीत ईझलवर टाकलेला दिसला. माझं चांगलं कापड घेऊन झाकणं करतात, असं पुटपुटत तिनं तो ओढला.

खाली चित्र होतं. अजून चित्र कसलं, करड्या रंगात चेहऱ्याचा नुसता घेर होता. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. फक्त डाव्या बाजूला एक कान होता, आणि तो मात्र जीव लावून पुरा केलेला होता. वरची कड बाहेर दुमडलेली.

ती तिथंच रंगाच्या उपड्या डब्यावर बसली.

म्हणजे ह्यांना कळलंय. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते उगीच नाही. एकदा मनानं धागा धरला की ते भराभर टाके घालत सुटतं. गेले काही दिवस रंगारी नीट जेवत नव्हता. संध्याकाळी भिंतीसमोर नुसता बसून राहायचा. परवा पाव आणायला म्हणून गेला तो किती उशिरा आला. बेकरीवाल्यानं सांगितलं असणार, आणि दोघांनी मिळून ठरवलं असणार की तिला एवढ्यात सांगायचं नाही. तिला रंगाऱ्याला फोन करता आला असता. पण तो शिडीवर असला की फोन उचलत नाही, आणि खरं म्हणजे ते वाक्य त्याच्या तोंडून ऐकायची तिची हिंमत नव्हती.

ती दुकानात गेली. माणूस दुःखात काय करतो? जे रोज करतो तेच करतो, फक्त चुकीचं. एका गिऱ्हाइकाची पँट आखूड करायची होती. तिनं एकच पाय दोनदा आखूड केला. गिऱ्हाइकानं पँट धरून बघितली, तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि शहाण्या माणसासारखा काही न बोलता निघून गेला. तेव्हा तिनं दुकान बंद केलं आणि तडक बेकरी गाठली.

बेकरीवाला भट्टीतून तवे काढत होता.

"दादा," ती म्हणाली, "माझ्यापासून काही लपवू नका. ह्यांनी शेपटाचं चित्र काढायला घेतलंय."

बेकरीवाल्याचा हात होता तिथंच थांबला. आता गंमत अशी, की त्या बिचाऱ्याला कशाचाच पत्ता नव्हता. पण नियम ठाऊक होता. आणि हेही ठाऊक होतं, की रंगारी ऐकीव गोष्टीवर ब्रशला हात लावणारा माणूस नाही. त्यानं तवा खाली ठेवला. पिठाच्या पोत्यावर तो मटकन बसला आणि त्याचे डोळे भरून आले.

"पोरगं हो ते, वहिनी," तो म्हणाला. "माझ्या दुकानाच्या फळीवर बसून पाव कुरतडायचं."

शिलाईबाई तिथवर एकाच आशेनं आली होती, की तो म्हणेल, छे, छे, भलतंच काय! त्याऐवजी ती त्याचं रडणं बघत राहिली.

"कधी?" तिनं विचारलं.

"आता कधी आणि कसं," त्यानं मान हलवली. "विचारून का माणूस परत येतंय?"

त्याला वाटलं, हिला सगळं माहीत आहे आणि बोलवत नाहीये. तिला वाटलं, ह्याला सगळं माहीत आहे आणि सांगवत नाहीये. दोघांनी एकमेकांना डोळे पुसताना पाहिलं आणि तोच पुरावा धरला. शहाणी माणसंसुद्धा कधीकधी असं वागतात, आणि हे दोघं तर त्या वेळी शहाणे नव्हते, नुसते दुःखी होते.

बेकरीवाल्यानं तिला घरी सोडलं, बेकरीचं शटर ओढलं आणि फोन घेऊन बसला. तिकडे चुलतभावाला सहसा फोन लागत नाही, पण वाईट बातमीला वाट मोकळी असते. त्या दिवशी पहिल्या झटक्यात लागला. मग इकडच्या सगळ्यांना फोन झाले. संध्याकाळ व्हायच्या आत शिलाईबाईच्या दाराशी चपलांचा ढीग पडला.

मास्तरीणबाई उकडलेल्या बटाट्यांचं भलंमोठं पातेलं घेऊन आल्या. त्या तिकडे शाळेत शिकवायच्या, आणि कुणाच्याही घरी दुःख झालं की पातेलं घेऊन पोचायच्या. दुःखात लोक जेवत नाहीत यावर त्यांचा विश्वास नव्हता. बाकीचे भिंतीला टेकून हळू आवाजात बोलत होते. शेपटानं कुणाची सायकल पळवली होती, कुणाच्या लग्नात तो नवऱ्याआधी जेवायला बसला होता. दोन म्हातारे भिंतीसमोर उभे राहून वाद घालत होते, की पोस्टमनला थोडं डावीकडे सरकवलं तर शेपटाला आईजवळ जागा होईल. शिलाईबाई खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. रडू कधीच संपलं होतं. तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, की शेवटच्या दिवशी घाईत त्याचा कान ओढायचा राहून गेला.

तेवढ्यात रंगारी आला. एका हातात बादली, दुसऱ्या हातात रोलर, केसांत कुठल्याशा कचेरीचं छत. दारातल्या चपला बघून त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यानं आधी बायको शोधली. ती खुर्चीत धडधाकट दिसली तेव्हा त्यानं बादली खाली ठेवली.

"कोण गेलं?" त्यानं विचारलं.

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"कोण गेलं म्हणजे?" मास्तरीणबाई म्हणाल्या. वर्गात उत्तर न देणाऱ्या मुलाला विचारत तसंच.

शिलाईबाई उठली. "अहो, असं काय करता? मी बघितलं. मागच्या खोलीत." तिचा आवाज फुटला. "सांगितलं का नाहीत मला?"

रंगाऱ्यानं मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग जमलेल्या माणसांकडे. हळूहळू त्याच्या ध्यानात आलं.

"तो गेला असं कुणी सांगितलं तुला?"

"दादांनी."

"मी?" बेकरीवाला ताडकन उभा राहिला. "मला वहिनींनी सांगितलं!"

"मला तुमच्या चित्रानं सांगितलं," शिलाईबाई नवऱ्याला म्हणाली.

"मला कसलीही बातमी नाही," रंगारी म्हणाला. "गेल्याची नाही आणि असल्याचीही नाही. कुणालाच नाही."

मग भिंतीपाशी उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक म्हणाला, "म्हणजे पोस्टमन आहे तिथंच राहू दे," आणि मास्तरीणबाईंना हसू फुटलं. एकदा त्या हसल्या तशी सगळी खोली हसली, पदरानं, रुमालानं, बाहीनं डोळे पुसत हसली. शिलाईबाईला हसता आलं नाही. सकाळपर्यंत न कळण्याचा तिला किती जाच होता! आणि आता तेच न कळणं कुणीतरी परत आणून तिच्या ओंजळीत ठेवलं होतं, आणि तिला ते घट्ट धरून ठेवावंसं वाटत होतं.

लोक आले तसे ओशाळून चपला शोधत निघाले. पातेलं मात्र मास्तरीणबाईंनी मागे ठेवलं. जिवंत माणसांनाही भूक लागते, म्हणाल्या. बेकरीवाला सगळ्यात शेवटी दाराशी गेला आणि त्यानं कपाळावर हात मारला.

"मी तिकडे कळवलंय हो! भावाला म्हटलं, जो कुणी ओळखीचा भेटेल त्याला सांगा म्हणून."

"मग आता उलटं कळवा," रंगारी म्हणाला.

"मघापासून लावतोय. चांगल्या बातमीला लाइन मिळत नाही."

दार बंद झालं. रंगारी मोरीत जाऊन हाताचा रंग खरवडत बसला. शिलाईबाई त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. दिवसभराचं रडणं आता रागात उतरलं होतं, आणि रागाला जाण्यासारखी ती एकच जागा होती.

"का काढलंत? आपला नियम तुम्हाला ठाऊक नाही? जिवंत माणसाला नेऊन बसवलंत त्या राखेत! हात कसा झाला तुमचा?"

तो बोटं चोळत राहिला. मग म्हणाला, "मला त्याचा चेहरा आठवेनासा झालाय."

ती दाराला टेकली.

"भिंतीवरचे सगळे मला पाठ आहेत. काढून ठेवलेत ना. जे काढले नाहीत ते पुसत चाललेत. मेलेले राहिले गं, आणि जिवंत माणसं हातातून जातायत. परवा कामावर त्याला आठवायला बसलो तर नुसता कान दिसला. म्हटलं तेवढा तरी धरून ठेवू, कानामागून बाकीचा येईल." त्यानं नळ बंद केला. "आलाच नाही."

तिच्या जिभेवर अजून बरंच काही होतं, ते सगळं मागे गेलं. कारण तिनंही डोळे मिटून पाहिलं, आणि तिला शेपूट दिसला, पण पाठमोरा. तोंड फिरवायला तयारच होईना. आपल्या पोटच्यासारख्या भावाचा चेहरा आपल्याला दिसत नाही, यासारखी लाज नाही. ती तशीच मोरीच्या उंबऱ्यावर बसली.

"मला त्याचं हसतानाचं तोंड थोडं आठवतंय," ती म्हणाली. "गप्प असतानाचं नाही."

"तो गप्प होता कधी?"

तेव्हा कुठे तिला हसू आलं. दोघं ताटात बटाटे घेऊन तिथंच जेवली. जेवता जेवता तिनं ठरवलं, आणि तिनं एकदा ठरवलं की रंगाऱ्याला त्यात फारसं काम उरत नसे.

"चित्र पुरं करायचं," ती म्हणाली. "मी समोर बसते. नाक माझंच घ्या, आईनं दोघांना एकाच साच्यातून काढलंय. हनुवटीही घ्या. पण त्या दवाखान्याच्या रंगात नाही. माळ्यावरचा डबा काढा."

"अगं, पण—"

"माझा भाऊ आहे की नाही मला माहीत नाही. पण गेलाय असं कुणी सांगत नाही, तोवर त्याला करडा लावायचा नाही."

डबा खाली आला. नळ्यांची झाकणं इतक्या काळात घट्ट बसली होती. गरम पाण्यात बुडवून आणि पकडीनं पिळून पिवळी उघडली, निळी उघडली, मातकट तांबूसही उघडली. लाल मात्र हटून बसली. पाणी झालं, पकड झाली, रंगाऱ्याच्या तोंडून दोन शिव्या झाल्या, झाकण हललं नाही.

मग रोज कामावरून आल्यावर ती खिडकीपाशी स्टुलावर बसू लागली आणि तो काढू लागला. हे काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. दुसऱ्याचा चेहरा आपल्या चेहऱ्यातून काढून द्यायचा म्हणजे तो आधी आपल्यात शोधावा लागतो. "भुवया त्याच्या अशा नव्हत्या, वर चढलेल्या असायच्या, सदा काहीतरी मागायला आल्यासारख्या," ती सांगायची आणि आपल्या भुवया वर करून बसायची. रंगारी सुरुवातीला पिवळा टोकावर टोकावर घ्यायचा, शेजाऱ्यांकडे साखर मागावी तसा. पुढे पुढे हात सैल झाला. गालांवर ऊन आलं, डोळ्यांत तो जुना आगाऊपणा आला. लाल उघडेना, म्हणून कान तेवढा करडाच राहिला.

एका सुट्टीच्या सकाळी ती अशीच भुवया चढवून बसली असताना फोन वाजला. अनोळखी नंबर. पँटवालं गिऱ्हाईक असेल, असं म्हणत तिनं उचलला.

"ताई? अगं, मी मेलो म्हणे!"

ती फोन घट्ट धरून उभी राहिली.

"ताई, मी शेपूट! अगं, मी डोंगरापलीकडे एका गावात आहे, एका धन्याकडे काम करतो, कुणाचे नंबर नाहीत, काही नाही. काल आपल्या गल्लीतल्या दूधवाल्याची बायको कुठून तरी शोधत आली, आपल्या गल्लीचं कुणीतरी इथं आहे एवढंच ऐकून, त्याला माझं वाईट झाल्याचं सांगायला. मी दारातच बटाटे सोलत बसलो होतो. मला बघून अशी किंचाळली! तिच्याकडून बेकरीवाल्याच्या भावाचा नंबर, त्याच्याकडून तुझा. ताई?"

कुणी जिवंत आहे का, म्हणून विचारत डोंगर कुणी चढत नाही. पण गेल्याचा निरोप माणसं वाकडी वाट करून पोचवतात. इतके दिवस जी चौकशी पोचली नव्हती, तिच्या जागी एक खोटी बातमी पोचली होती.

"गाढवा!" शिलाईबाईला एकदाचा आवाज सापडला. "शेपटा, गाढवा, कुठे होतास रे!"

"ताई, काहीतरी बोल ना."

"बोलतेय की! ऐकू येत नाही का?"

"ताई? रागावलीस का? अगं, मेलो तो माझा दोष नाही. थांब हं... हां, आता बोल. घाईत फोन चुकीच्या कानाला लावला."

"चुकीच्या म्हणजे?"

"डाव्याला. त्याला आता येत नाही ऐकू. शेजारचं घर पडलं ना, तेव्हापासून." भाजी महागली म्हणावं तसं त्यानं सांगून टाकलं. "दिसायला आहे तसाच आहे, दुमडलेला. नुसता शोभेचा. कशानं गेलो मी, ते तरी सांग. इथं सगळे विचारतायत."

ती रडत होती आणि हसत होती आणि दोन्हींत काही शिस्त नव्हती. तिनं त्याला सगळं सांगितलं, अस्तर, पँट, बेकरी, पातेलं. तो तिकडे पोट धरून हसला. मग जरा थांबून त्यानं विचारलं, "आई आहे भिंतीवर?"

"आहे."

"कशी आलीय?"

"रागावलेली."

"मग बरोबर आलीय. ताई, मला बरंच सांगायचंय. इथं कोण कोण—"

"सांग, सगळं सांग. पण आज नको रे. आज तू नुसता बोल. काहीही बोल."

तो बोलला. बटाट्यांबद्दल, धन्याच्या कुत्र्याबद्दल, डोंगरावरच्या थंडीबद्दल, लाइन तुटेपर्यंत बोलला. नंबर आता तिच्याकडे होता. ती फोन मांडीवर ठेवून बसली. रंगारी इतका वेळ ब्रश हातात धरून तसाच उभा होता. त्याचे डोळे वाहत होते आणि त्याला ते पुसायचं सुचलं नव्हतं. भिंतीवरच्या माणसांसाठी तो असा कधी रडला नव्हता.

शिलाईबाई उठली. शिलाईच्या टेबलापाशी गेली आणि आपली कात्री घेऊन आली. लाल नळी उचलली, उलटी धरली, आणि पत्र्याची दुमडलेली शेवटची बाजू कात्रीत धरून दाबली. पात्यांचा करकर आवाज झाला.

"अगं, काय करतेस! धार जाईल!" रंगारी ओरडला.

"जाऊ दे."

आतला रंग ओला होता. बशीत लाल गोळा पडला, इतका लाल की खोलीत दुसरं काही दिसेना.

"लावा," ती म्हणाली. "मी ओढल्यावर व्हायचा तसा."

रंगाऱ्यानं ब्रश बुडवला आणि कान रंगवला. कडेपासून पाळीपर्यंत, हात न राखता. शिलाईबाई बघत राहिली. मग पुढे झाली, आणि रंग ओला आहे हे विसरून तिनं ती दुमडलेली कड दोन बोटांत धरली आणि ओढली.

बोटं लाल झाली. चित्रात लालाचा एक फराटा कानाबाहेर आला. रंगाऱ्यानं पुसायला फडकं उचललं.

"राहू दे," ती म्हणाली. "आता बरोबर झाला."